ड्रायव्हरच्या सीटवरची तूरडाळ

माझ्या पायांचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

दुकानात एका दुपारी गिऱ्हाईक म्हणालं, शेट, खाली काय सांडलंय बघा. काउंटरपासून मागच्या गोदामापर्यंत फरशीवर लाल ठिपके होते, एकेका पावलाच्या अंतरानं. माझ्याच उजव्या पायाचे. पत्र्याला मारायचा एक स्क्रू चपलेतून आरपार तळव्यात गेला होता आणि मी तो घेऊन सकाळपासून फिरत होतो. पकडीनं ओढून काढला. दुखलं नाही. गिऱ्हाइकाला हवा होता तो अल्टरनेटर दिला, भावावरून त्याच्याशी नेहमीसारखा भांडलो आणि मग पाय धुतला.

साखरेची बीमारी मला बारा वर्षांपासून आहे. डॉक्टरांनी नायलॉनचा एक धागा काढला, मला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्यावर धागा टेकवला की हो म्हणा असं बजावलं. मी अंदाजानं तीन-चारदा हो म्हणालो. डोळे उघडल्यावर ते म्हणाले, "मी अजून धागा लावलेलाच नाही." पाय परत शाबूत होणार नाहीत, आहे तेवढं जपा, गाडी चालवणं सोडा आणि ड्रायव्हर ठेवा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बायको शेजारीच बसली होती. मी बरं म्हणालो.

त्या दिवशी माझी गाडी लातूरच्या एका गॅरेजात उघडून पडली होती. ती ट्रॅकवर पळवण्यासाठी तयार होत होती आणि चालवणार मी होतो. बायकोला त्या गाडीबद्दल माहीत नव्हतं. लातूरच्या माणसाला पायांबद्दल माहीत नव्हतं. नांदेड आणि लातूर यांच्यात तीन तासांचं अंतर आहे, तेवढं पुरेल असा माझा हिशेब होता.

ट्रॅकचं खूळ माझ्यात कुठून आलं ते सांगायला हवं, कारण मी खूळ असलेला माणूस नाही. नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी अकरा वर्षं पोती उचलली. मग भंगारात निघालेल्या गाड्यांचे पार्ट सायकलवर विकले, मग हातगाडीवर, मग दुकान. यातलं एकही पाऊल कुणाच्या मेहेरबानीनं पडलेलं नाही. ज्यात फायदा नाही असं एकही काम मी पन्नाशीपर्यंत केलं नव्हतं. एकदा हैदराबादचा एक माणूस जुन्या हॅचबॅकचा गिअरबॉक्स शोधत आला. कशाला पाहिजे विचारलं तर म्हणाला, ट्रॅकवर चालवतो. गिअरबॉक्सवर मी त्याला चांगला ताणला, तरी जाताना तो या एकदा म्हणून गेला. महिनाभरानं माल बघायला तिकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या शेजारी बसून मी तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या वळणावर पोटात काहीतरी हललं. बऱ्याच वर्षांत तिथं काही हललं नव्हतं. धंदा मोठा झाला तेव्हा नाही, घर बांधलं तेव्हा नाही, आई गेली तेव्हाही नाही. परत येताना मी ठरवलं की हे मी करणार आणि कुणाच्या शेजारी बसून करणार नाही.

गाडी माझ्याकडेच होती. पंधरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, इंजिन ठणठणीत, रंग उडालेला. पुढच्या चाकांवर चालणारी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच असतात. अशा गाडीत पुढची दोन चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि थांबवण्याचं बरंचसं कामही तीच करतात. मागची दोन चाकं नुसती मागून येतात. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. माझ्या घरात आणि दुकानात असंच चालतं. पण ट्रॅकवर हीच गोष्ट नडते. जोरात वळणात शिरलं की पुढच्या चाकांना सगळं एकदम झेपत नाही, स्टिअरिंग वळलेलं असतं आणि गाडी सरळ निघते. नाक बाहेर जातं, असं त्याला म्हणतात. गाडी ट्रॅकसाठी लावायची म्हणजे मुख्यतः हे नाक आत आणायचं.

नांदेडात हे करणारा कुणी नव्हता. जो करू शकत होता तो सहा वर्षांपूर्वी मला सोडून लातूरला गेला होता.

त्याला मी अप्पा म्हणतो, जरी तो माझ्यापेक्षा लहान आहे. तो लिंगायत, उदगीरकडचा, आणि त्यांच्या घरात थोरल्याला अप्पाच म्हणतात. मुदखेडला रेल्वेफाटकाजवळच्या एका टपरीत पंक्चर काढताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. ट्यूब न बुडवता, नुसती गालाजवळ फिरवून तो भोक शोधायचा. मी त्याला नांदेडला आणलं. नऊ वर्षं तो माझ्या दुकानामागच्या गॅरेजात होता आणि त्या नऊ वर्षांत त्याच्या हातून गेलेली गाडी परत आली नाही. मग एका सोमवारी तो आला नाही. गुरुवारी लातूरच्या एसटीचा कंडक्टर दुकानात आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली गॅरेजची चावी माझ्या हातात देऊन गेला. चिठ्ठी नाही, फोन नाही. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरकडे लोक डबे देतात, औषधं देतात. नऊ वर्षं सोबत काढलेला माणूस चावी देत नाही.

त्याच्या आधीच्या शनिवारी मी त्याच्या दिशेनं चाकाचा पाना फेकला होता, हे खरं आहे. गिऱ्हाइकासमोर त्यानं एक इंजिन नीट नाही म्हणून सांगितलं आणि माझा सौदा मोडत आला होता. पाना शटरवर आपटला. मी त्याला मारायला फेकला नव्हता. फेकला होता, एवढंच. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मान हलवली, आणि मी त्यावर चावीची गोष्ट सांगितली की ते गप्प बसले. सहा वर्षं मी ती गोष्ट सांगत होतो.

लातूरला गेलो तेव्हा तो एका जीपखाली होता. पाय बघूनच त्यानं ओळखलं असावं, कारण बाहेर यायच्या आधीच म्हणाला, "या शेट." हात पुसत उठला, गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर टिचकी मारली. काय करायचंय ते मी सांगितलं. तो हसला नाही, याचं मला नवल वाटलं. म्हणाला, करू. फक्त इथं ओरडायचं न्हाई, शेजारी मेहुण्याची डाळमिल हाय, भिंत पातळ हाय. चावीबद्दल मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही.

त्याची पद्धत कुणी बघितली तर विश्वास बसणार नाही. त्याचा बाप गवंडी होता आणि अप्पा गाडी भिंतीसारखी बघतो. आधी त्यानं पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं गॅरेजची फरशी मापली आणि जिथं खोलगट होती तिथं चाकाखाली पत्रे सरकवले. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना चार खुंट्या उभ्या करून चाकाच्या मध्याच्या उंचीवर नायलॉनचा दोरा ताणला. दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर पोलादी पट्टीनं मोजायचं. त्यावरून चाकं पुढे बघतात की बाहेर बघतात हे कळतं. चाक किती झुकलंय हे बघायला ओळंबा. मोठ्या शहरात यासाठी कॅमेऱ्याचं मशीन असतं. अप्पा म्हणतो, मशीन हलतं, ओळंबा हलत न्हाई.

गाडीतून मागची सीट काढली, गालिचे काढले, दारातले स्पीकर, स्टेपनी, सगळं काढलं. पुढच्या शॉकअपच्या वरची भोकं कानशीनं लांबट केली, म्हणजे चाकांचा माथा आत झुकवता येतो आणि वळणात टायर पुरता टेकतो. ब्रेकचे पॅड बदलले, ऑइल बदललं. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या तुळईला त्यानं आणखी एक पोलादी दांडा बोल्टानं जोडला. मी विचारलं, सगळा त्रास पुढं आहे, मग मागं कशाला मेहनत? तो म्हणाला, पुढच्यावर लादून लादून किती लादाल, मागच्याला जरा कामाला लावू, मागून गाडी थोडी सरकली की पुढची आपोआप वळते. मला ते पटायला वेळ लागला.

गाडी लावताना ड्रायव्हरचं वजन सीटवर असावं लागतं, नाहीतर माप चुकतं. मी नांदेडला असणार, म्हणून माझ्या जागी तूरडाळ बसवायची असं त्यानं ठरवलं. त्यासाठी मला मिलमध्ये नेऊन पोती मापायच्या काट्यावर उभं केलं. हमाल जमले. एक म्हणाला, "वल धरला का शेट, का वाळवून घ्यावं?" दुसरा म्हणाला, "भाव काय लावायचा? माल जुना हाय." मीही तिथं कधी काळी असाच उभा राहून लोकांवर हसलो होतो, म्हणून चिडलो नाही. अठ्ठ्याऐंशी भरलो. पन्नासचं पोतं, तीसचं पोतं आणि आठ किलोची पिशवी सीटवर पट्ट्यानं बांधली गेली. बाहेरून काचेतून बघितलं की कुणी जाडजूड माणूस डोकं खाली घालून बसल्यासारखा वाटायचा.

गॅरेजात परत येताना अप्पा मागून आला. त्याच्या हातात माझी डाव्या पायाची चप्पल होती. मिलच्या दारात निसटून राहिली होती आणि मी एक पाय अनवाणी घेऊन तसाच चालत आलो होतो, खडीवरून. त्यानं चप्पल माझ्या पायापुढे ठेवली आणि पाना शोधायला वळला. मी म्हणालो, पट्टा ढिला झालाय. तो हूं म्हणाला.

मग चालवून बघायचे दिवस सुरू झाले. लातूरच्या बाहेर एका ओळखीच्या माणसाचं प्लॉटिंग पडून होतं. डांबरी रस्ते झालेले, विजेचे खांब उभे, घर एकही नाही. मालकाची परवानगी घेतली होती. मी दर रविवारी सकाळी नांदेडहून निघायचो, बायकोला लातूरच्या बाजारात काम आहे म्हणायचो. अप्पा कोपऱ्यावर उभा राहायचा आणि मी प्लॉटच्या भोवती गाडी फिरवायचो.

पहिल्या रविवारी मी उतरून म्हणालो, नाक बाहेर जातंय. त्यानं मागच्या टायरात हवा वाढवली. दुसऱ्या रविवारी मी म्हणालो, अजून जातंय, वळणातून निघताना गाडी ओढत नाही. त्यानं पुढची चाकं जरा बाहेर बघती केली. तिसऱ्या रविवारी आमचं चाकांच्या झुकावावरून वाजलं. त्याला अडीच डिग्री हवे होते. मी दीडवर होतो, टायर आतून खाल्ला जाईल म्हणत होतो. भाजी घेतल्यासारखं भांडून मी त्याला दोनवर आणलं आणि बरं वाटलं. गाडीत काही फरक पडला नाही. चौथ्या रविवारी मी त्याला म्हणालो की सहा वर्षांत तुझा हात बसला, जीप दुरुस्त करून करून. त्यानं दोन पाने उचलून जागेवर ठेवले.

मला तेव्हा खरोखर वाटत होतं की दोष गाडीत आहे. पाय जिथं ठेवला तिथं आहे असंच मी धरून चालायचो. पायाकडून उलट काही कळत नव्हतं. पाय आहे हे मला गुडघ्यावरून कळायचं. बायको रोज संध्याकाळी माझे तळवे बल्बखाली धरून बघायची, कुठं कापलंय का, भाजलंय का. मी त्या वेळी मोबाइल बघत बसायचो, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे पाय होते.

ट्रॅकचा दिवस ठरला. हैदराबादच्या पलीकडचा तो खासगी ट्रॅक महिन्यातून एकदा बाहेरच्या गाड्यांना उघडतात. निघायच्या दोन दिवस आधी मी न कळवता लातूरला गेलो. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, अप्पा मिलमध्ये गेला होता. गाडी दोऱ्यांच्या मधोमध उभी होती. ओळंबा पुढच्या चाकाशी लटकत होता. मी काचेतून आत बघितलं.

सीटवर एकच पोतं होतं. पन्नासचं. आणि मांडीच्या जागी एक पिशवी. पोत्याचं वजन मला काट्याशिवाय कळतं, शिवणीचा ताण बघून कळतं. पिशवी बाराची होती. म्हणजे बासष्ट. बासष्ट किलोचा माणूस कोण, हे मला नऊ वर्षांच्या सहवासानंतर कुणी सांगायची गरज नव्हती.

तो आला तेव्हा मी गाडीच्या दाराला टेकून उभा होतो.

"हे वजन कुणाचं?"

"माझं."

"गाडी कुणाची?"

"तुमची."

मग मी बोललो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. टपरीतून आणलं, हे बोललो. पाठीत वार करायची सवय आहे, हे बोललो. चावी कंडक्टरकडे देणारा माणूस गाडी तरी कशाला सोडील, हेही बोललो. भिंतीपलीकडे मिल चालू होती, तिचा आवाज मध्येच थांबल्यासारखा वाटला. अप्पा गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून उभा होता. मी दमलो तेव्हा त्यानं विचारलं, "झालं?"

मी रुमालानं मान पुसली.

"वळणातून निघताना ब्रेकचा दिवा पेटलेला ऱ्हातो, शेट. मी मागून बघून राहिलो, चार रविवार. तुम्ही गॅस देता अन् ब्रेक बी देता. दोन्ही एकाच पायानं. तुम्हाला कळत न्हाई."

"बूट रुंद आहे."

"बूट ठीक हाय. पाय कवापासून असा हाय?"

मी दोऱ्याकडे बघत राहिलो. तो ताणलेला होता, कुठंही लागत नव्हता.

"माझ्या बापाचा बी असाच झाला होता," तो म्हणाला. "चपल ऱ्हायची मागं अन् माणूस पुढं. तुम्ही म्हणलात नाक जातं, मी चार डाव सेटिंग फिरवलं. गाडीत कायच न्हाई. ब्रेक धरलेली गाडी कशी वळंल? आज सगळं होतं तिथं आणलं, अडीच बी केलं. आता ही गाडी बराबर हाय. पण बासष्ट किलोला."

त्यानं मला बसायला एक डबा पालथा घालून दिला. मिलमधून चहा आला. माझ्या कपात साखर नव्हती. मला राग यायला हवा होता, मी त्याची वाट बघत बसलो. नेहमी तो छातीतून वर येतो, कानाशी गरम होतो. आला नाही. मी चहा प्यालो, कप खाली ठेवला आणि नांदेडला निघून आलो. वाटेत कुठून कसा आलो ते आठवत नाही. दुकानाची दुसरी गाडी दुकानातलाच एक माणूस चालवत होता, एवढं आठवतं.

तरी दोन दिवसांनी मी पहाटे लातूरला हजर होतो, बूट घालून.

गाडी छोट्या ट्रकवर चढवली. मी आणि अप्पा ट्रकवाल्याशेजारी बसलो. उदगीर मागं पडलं तेव्हा मी म्हणालो, पहिल्या दोन फेऱ्या मी मारतो, हळू, बाकी दिवसभर तू. तो रस्त्याकडे बघत होता. मी म्हणालो, बरं, एक. आयुष्यभर मी सौदे केले आहेत आणि मला माहीत आहे की समोरचा गप्प बसला की आकडा खाली आणायचा नसतो. तरी मी आणला. म्हणालो, अर्धी तरी, सरळ भागात, तू शेजारी बस. बीदरजवळ चहाला थांबलो. अप्पानं टपरीवाल्याशी कानडीत काहीतरी बोलून चहा सांगितला. दोघं हसले. मला काय बोलले ते विचारावंसं वाटलं नाही.

ट्रॅकवर पोचल्यावर एका टेबलाशी फॉर्म होते. चालकाचं नाव, रक्तगट, घरच्यांचा फोन, आणि खाली छापील ओळ: गाडी चालवण्यात अडथळा येईल असा कोणताही आजार मला नाही. मी आयुष्यात यापेक्षा खोट्या कागदांवर सह्या केल्या आहेत. पेन घेतलं. गाडी माझी, पैसे माझे, रविवार माझे. फॉर्म घेऊन मी उभा होतो आणि टेबलामागची मुलगी वाट बघत होती.

अप्पा जवळ आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "तुम्ही बसलात तर मी आडवा येणार न्हाई. पण मी बघणार न्हाई. मी फाटकाबाहेर जाऊन थांबतो."

"सोडून जायची सवयच आहे तुला."

त्यानं उजव्या हाताची बाही कोपराच्या वर केली. कोपरावर एक जुना व्रण होता, टाक्यांचे ठिपके अजून दिसत होते.

"पाना शटरवरून उडून इथं लागला," तो म्हणाला. "रगत आलं. तुम्ही गिऱ्हाइकाशी पुढं बोलायला लागलात. सोमवारपर्यंत वाट बघितली मी. ओरडला असतात तर बी आलो असतो. तुम्हाला कळलंच नव्हतं."

मी तो शनिवार आठवून बघितला. गिऱ्हाईक आठवलं, त्याचा चेहरा, इंजिनाचा नंबर, ठरलेला भाव. शटरचा आवाज आठवला. त्याच्यानंतर अप्पा कुठं होता ते आठवलं नाही. सहा वर्षं मी ती गोष्ट इतक्या लोकांना सांगितली होती आणि त्यातला हा तुकडा माझ्याकडे नव्हताच. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, सर, ड्रायव्हर कोण?

मी अप्पाचं नाव लिहिलं. रक्तगट त्याला विचारावा लागला नाही, तो मला माहीत होता. फॉर्म त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणालो, सही कर. खालची ओळ वाच आधी. त्यानं वाचली आणि सही केली.

जाळीपाशी सगळे उभे होते तिथं मी जाऊन उभा राहिलो. पहिल्या फेरीत तो हळू गेला, दुसरीत त्यानं गाडी सोडली. लांबच्या वळणावर गाडी शिरली आणि मी ब्रेकचा दिवा बघितला. पेटला, विझला, आणि मग विझलेलाच राहिला. मागची चाकं एक हातभर बाहेर सरकली, नाक आत गेलं आणि गाडी इंजिनाच्या एका सलग आवाजात वळणातून बाहेर निघाली. शेजारच्या कुणीतरी विचारलं, कुठली गाडी आहे, कुणी लावली? मी सांगितलं, लातूरला लावली. पोटात काही हलतंय का ते मी बघत होतो. नाही हललं. डोळ्यांना मात्र गाडी नीट दिसत होती, प्रत्येक फेरीला, आणि मी एकही फेरी सोडली नाही.

मी अप्पाला माफ केलंय असं नाही. दुखावलेल्या माणसानं येऊन सांगावं, असं मला अजून वाटतं. त्यानं मला केलंय का ते मी विचारलेलं नाही. घरी गेल्यावर बायकोला गाडीचं सांगावं लागणार होतं, आणि मोंढ्यातल्या चार लोकांना शटरची गोष्ट परत, पुरी. ते चौघे काय म्हणतील याचा मी जाळीशी उभा राहून अंदाज घेत होतो.

पाच फेऱ्यांनी तो आत आला. इंजिन चालू ठेवलं, हेल्मेट काढलं नाही, काच खाली करून म्हणाला, "पुढून जरा तरंगून राहिली शेट. बघा बरं."

मी एका हातानं बॉनेट धरून गुडघ्यावर बसलो. पुढच्या टायरवर तळहात ठेवला. बाहेरची कड, मधला पट्टा, आतली कड. रबराचा भाजका वास होता आणि बारीक खडे चिकटले होते. बाहेर आणि आत सोसण्यासारखं होतं. मधल्या पट्ट्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. दुसऱ्या बाजूचंही तसंच.

"मध्ये तापलंय," मी म्हणालो. "हवा जास्त झाली. तीन पौंड काढतो."

"दोन काढा."

"तीन. मी हात लावून बघितलाय, तू नाही."

त्यानं मान हलवली. मी व्हॉल्व्हची टोपी काढून दातात धरली, हवा सोडली, गेज लावला, परत थोडी सोडली. मग दुसऱ्या चाकाकडे गेलो. झाल्यावर बॉनेटवर दोनदा थाप मारली आणि बाजूला झालो.